पडद्याच्या मागच्या बाजूने

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते, गुरुजींच्या घरची माणसं आणि ऐन मंडईच्या जत्रांच्या दिवसांत, गावोगावी नाटकं उभी असताना, ती सोडून व्याख्यान ऐकायला आलेले तुम्ही सगळे,

तुमच्या या निवडीचं मला जरा नवल वाटतं. असो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना सारी पंचक्रोशी ‘गुरुजी’ म्हणूनच ओळखते. मीही तेवढंच म्हणणार आहे. विषय मंडळाने ठरवून दिला: मानवी हक्कांच्या जागृतीसाठी चित्रपटांचा वापर. पत्रिका हातात आली तेव्हा ‘वापर’ या शब्दापाशी अडखळलो. वापर विळ्याचा होतो, कुदळीचा होतो. सिनेमाचा होतो का? बँकेतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी गावोगावी पडदा लावत फिरलो आहे. त्यामुळे ‘होतो’ असं छातीठोकपणे सांगायला मला आवडलं असतं. पण एवढं फिरून जे दिसलं ते इतकं सरळ नाही.

आयुष्यातला पहिला सिनेमा मी पडद्याच्या मागून पाहिला. साल १९७१ किंवा ७२ असेल. सरकारी प्रचाराची जीप गावात यायची. जीपमध्ये सोळा मिलीमीटरचं यंत्र, जनरेटर आणि पांढरं कापड असायचं. दोन बांबू रोवून कापड मधोमध ताणलं जायचं. गाव पुढे बसायचं आणि आमची टोली, म्हणजे आमची वेगळी वस्ती, मागे. ‘तिकडे बसा’ असं कुणी म्हणत नव्हतं, आम्ही आपणहूनच मागे जायचो. कापड पातळ असल्यामुळे चित्र मागूनही दिसायचं, फक्त उलटं. नुकतंच वाचायला शिकलो होतो आणि पडद्यावरची अक्षरं काही केल्या लागत नव्हती. सिनेमातली मराठी वेगळी असते अशी समजूत करून घेतली. सिनेमातली सगळी माणसं डाव्या हाताने जेवायची, डाव्या हाताने देवाला फूल वाहायची. धानाच्या सुधारित लागवडीची फिल्म असायची, मग कुटुंब नियोजनाची. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण तेवढा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायचा.

या पडद्याकडे मी नंतर परत येईन.

मराठी माणसाला अन्यायावरचा सिनेमा नवा नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५चा. तो मूकपट होता, म्हणजे शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाताना पडद्यावर आवाजसुद्धा नव्हता. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. जमीन गेलेला तो कुणबी शेवटी शहराची वाट धरतो आणि गिरणीत कामाला लागतो. या गोष्टीला शंभर वर्षं होऊन गेली. आपल्या भागातली पोरं रोवणी आटोपली की नागपूर-हैदराबादच्या गाड्या धरतात. सावकाराच्या जागी आज कोण आहे, एवढाच प्रश्न उरतो.

पुढे १९५४मध्ये आचार्य अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला. त्याच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. जोतिरावांवरचा सिनेमा सरकारने तेव्हा गौरवला. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, २०२५मध्ये, त्याच जोतिरावांवरचा हिंदी ‘फुले’ ऐन जयंतीला, ११ एप्रिलला, लागायचा होता. काही संघटनांचे आक्षेप आले, सेन्सॉर मंडळाने बदल सुचवले आणि तो दोन आठवडे पुढे गेला. यावर मी भाष्य करत नाही. तारखा पुरेशा बोलक्या आहेत.

आता जरा जवळ येतो. १ मे १९९९पर्यंत आपण गोंदियावाले भंडारा जिल्ह्यात होतो, आणि मोहाडी तालुकाही त्याच जिल्ह्यात. म्हणजे खैरलांजी हे परक्या मुलखातलं गाव नव्हे. आपल्याच जुन्या जिल्ह्यातलं, आपल्यासारखंच धानाच्या बांध्यांमधलं गाव. २९ सप्टेंबर २००६च्या संध्याकाळी तिथे भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना, आई आणि तीन मुलांना, गावाने मारलं. ‘गावाने’ हा शब्द जाणूनबुजून वापरतो. मारणारे मोजके असतील, पण पाहणारे मोजके नव्हते. त्या संध्याकाळी तिथे कॅमेरा नव्हता. राज्यातली मोठी वर्तमानपत्रं जागी व्हायला महिना गेला, तेही लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या सहा जणांना फाशी सुनावली. २०१०मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. ॲट्रॉसिटीचं कलम दोन्ही ठिकाणी टिकलं नाही.

तेव्हा मला वाटायचं, तिथे एखादा कॅमेरा असता तर. आज तसं वाटत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चेटकीण म्हणून एखाद्या बाईला मारलं जातं तेव्हा मारणाऱ्यांचेच साथीदार उभे राहून चित्रण करतात आणि स्वतःच गटांवर टाकतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३मध्ये झाला, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी ते चित्रण लपवायची गरज त्यांना वाटत नाही. कॅमेरा असण्याने काहीच ठरत नाही. तो कुणाच्या हातात आहे आणि पाहणारा कुठे बसला आहे, यावर सगळं ठरतं.

खैरलांजीनंतरचा महाराष्ट्र ज्या सिनेमात नोंदला गेला तो आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’. सुरुवात होते घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरापासून. ११ जुलै १९९७ला तिथे पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये ते गायले होते. त्या मित्राच्या शोधात निघालेला कॅमेरा चौदा वर्षं फिरत राहिला. तयार झालेला सिनेमा जानेवारी २०१२मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर, ज्यांचा होता त्यांनाच दाखवला गेला. मला या सिनेमातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही वाटते. पुरस्कार, महोत्सव वगैरे नंतर. याच दिग्दर्शकाला आपला दुसरा एक माहितीपट दूरदर्शनवर दाखवला जावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि २००६मध्ये तो निकाल त्यांच्या बाजूने लागला. ते धडे वकिलांसाठी. आपल्यासाठी धडा चाळीतल्या त्या पडद्याचा.

तो सिनेमा मी आपल्या जिल्ह्यातल्या एका समाजमंदिरात दाखवला. जवळजवळ तीन तासांचा आहे. शहरातले मित्र म्हणाले होते, गावात कोण बसणार? आपल्या झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला ते ओळखत नव्हते. वडसा-देसाईगंजच्या कंपनीचं नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपतं आणि थंडीत ब्लँकेट पांघरून सारं गाव ते बघतं. त्याला तीन तासांचं काय! सिनेमा संपला, दिवे लागले. आता चर्चा करू, म्हणून मी तयारीने उभा राहिलो. जातव्यवस्था, राज्यघटना, सतरावं कलम, सगळं डोक्यात होतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, ‘‘बाबू, हे त आमाले मालूमच आहे. आता का कराचं, थे सांगा.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजचं हे सगळं व्याख्यान त्या बाईच्या प्रश्नातून निघालं आहे, असं समजा. जागृती, जाणीव हे शब्द आपण सोसणाऱ्यासाठी वापरतो, जणू काही तो झोपलेला आहे. सोसणारा झोपलेला नसतो. झोप त्याला परवडत नाही. त्याला त्याचाच अन्याय मोठ्या पडद्यावर दाखवून आपण नवं काय सांगतो? जागं करायचं असतं ते अन्याय करणाऱ्याला आणि त्याहून जास्त, कडेला उभं राहून पाहणाऱ्याला. सोसणाऱ्याला हवा असतो तो पत्ता. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, किती दिवसांच्या आत. एकाच सिनेमाचे हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत, आणि आयोजक बहुतेक वेळा त्यांची गल्लत करतो. मी तर वर्षानुवर्षं केली.

त्यातली सर्वांत वाईट वेळ सांगतो. ‘फँड्री’ येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. नागराज मंजुळे यांचं नाव घरोघरी पोचलं होतं. एका शाळेने बोलावलं. शाळेचं नाव घेत नाही, कारण चूक शाळेची नव्हती. आठवी-नववीची दोनेकशे मुलं सभागृहात बसली होती. तुमच्यापैकी ज्यांनी तो सिनेमा पाहिला आहे त्यांना तो डुकराच्या पाठलागाचा लांबलचक प्रसंग आठवत असेल. नायक असलेल्या जब्या या पोराचं कुटुंब डुकरामागे धावतं आणि शाळेतली पोरं, गावातली माणसं भिंतींवर बसून हसतात. मंजुळेंनी ते हसू दाखवलं आहे ते प्रेक्षकाने शरमेने गप्प व्हावं म्हणून. माझ्या सभागृहातली पोरं पडद्यावरच्या पोरांबरोबर हसली. आधी थोडी, मग सगळी. मी समजूत घातली की वय आहे, पुढे गंभीर होतील. जब्याने शेवटी भिरकावलेल्या दगडानंतर झालीही. मी समाधानाने घरी गेलो.

पंधरा दिवसांनी तिथल्या शिक्षिका भेटल्या. त्या शाळेत जब्याच्याच परिस्थितीतलं एक पोरगं होतं, एकच. सिनेमाच्या दुसऱ्या दिवसापासून वर्गाने त्याला नवं नाव ठेवलं होतं. कोणतं ते तुम्ही ओळखलं असेल. तोपर्यंत त्याची जात सगळ्यांना ठाऊक होती, पण तिला हाक मारायला सोपा शब्द नव्हता. तो शब्द मी पुरवला. प्रोजेक्टर लावून, मानवी हक्क दिनाच्या निमित्ताने.

मुलगा शाळेत येत राहिला. शिक्षिका खमक्या होत्या, त्यांनी ते निस्तरलं. मी काहीच केलं नाही, सहा महिने फक्त पडदा गुंडाळून ठेवला. दोष सिनेमाचा नव्हता. ‘फँड्री’ आपल्या भाषेतल्या मोठ्या कृतींपैकी एक आहे, याबद्दल मला शंका नाही. पण आधी त्या वर्गात कोण बसलं आहे याची चौकशी करायची असते. शिक्षकांशी बोलायचं असतं. सिनेमा थांबवून मध्येच दिवे लावायची हिंमत ठेवायची असते. मुलं हसायला लागली की पडदा थांबवायचा आणि विचारायचं, ‘‘कोण हसतंय? का हसतोय आपण?’’ सिनेमाच्या कलात्मकतेचा भंग होतो म्हणे. होऊ द्या.

त्या सहा महिन्यांत मला गुरुजी आठवले आणि गुरुजींची भिंत आठवली.

सरकारी जीप दुसऱ्यांदा आली तेव्हाची गोष्ट. गुरुजी नुकतेच बदलून आमच्या शाळेवर आले होते. बांबू रोवायला माणसं निघाली तर ते म्हणाले, वारा फार आहे, कापड फाटेल, शाळेच्या भिंतीला ठोका. चार खिळे त्यांनी स्वतः आणून दिले. वारा नव्हता. तेव्हा मला ते कळलं नाही, कुणालाच कळलं नसावं. अंधार पडला, यंत्र सुरू झालं, आणि आमची टोली नेहमीप्रमाणे मागे जायला निघाली तर मागे भिंत. मागची बाजूच उरली नव्हती. थोडी कुजबुज झाली. गुरुजी कंदील घेऊन आले आणि आम्हा पोरांना हाताला धरून पुढच्या रांगेत बसवून गेले. भाषण नाही, समतेवर दोन शब्द नाहीत. त्या रात्री मी पहिल्यांदा पडद्यावरचं नाव वाचलं. अक्षरं सरळ होती.

फिल्म कोणती होती ते आठवत नाही. बहुधा खतांवरची असावी. मानवी हक्कांवरची नक्कीच नव्हती.

आपल्याकडच्या एका ताज्या सिनेमावर थोडं रेंगाळतो. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ मार्च २०२५मध्ये चित्रपटगृहांत आला. त्याआधी २०२३मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात चित्रित झालेला, गावातल्याच माणसांना घेऊन, आपल्या पूर्व विदर्भाच्या बोलीत. गोष्ट मुलगी पाहण्याची. सविता कॉलेजात समाजशास्त्र शिकते, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. घरी पाहुणे येत राहतात. तिने बसायचं, मान खाली घालायची, नाव सांगायचं, उंची सांगायची, शिक्षण सांगायचं. मग नकार. मग पुन्हा दुसरे पाहुणे, तोच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न. सिनेमाची सुरुवात मात्र उलटी आहे. स्वप्नात एक मुलगा बसला आहे आणि बाया त्याला पाहायला आल्या आहेत. त्या त्याला उंची विचारतात, रंग न्याहाळतात.

परवानगी काढून आम्ही तो एका गावात दाखवला, बचत गटाच्या बैठकीला जोडून. मागच्या अनुभवाने शहाणा झालो होतो. प्रेक्षक कोण, ते आधी पाहिलं. लग्नाच्या वयाच्या मुली होत्याच, पण आम्ही आग्रहाने सासवांना बोलावलं. मुलींना तो सिनेमा दाखवायची गरज नव्हती. त्या रोज जगतात. सुरुवातीच्या स्वप्नाला बाया इतक्या हसल्या की संवाद ऐकू येईना. दुसऱ्या पाहुण्यांच्या वेळी हसू कमी झालं. तिसऱ्यांदा तेच प्रश्न सुरू झाले तेव्हा सभागृहात पंख्याचा आवाज येत होता. पुनरावृत्ती हेच त्या सिनेमाचं हत्यार आहे. कंटाळा येतो, आणि तो कंटाळा पाहणाऱ्याला पाटावर नेऊन बसवतो. संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक बाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, ‘‘मी माह्या पोरासाठी अकरा पोरी पाह्यल्या. एकीलेबी काई विचारलं नाई, का बाई तुले का पायजे.’’

ही कबुली होती. अन्यायाबद्दलच्या सभांमध्ये मी तक्रारी खूप ऐकल्या, कबुली फार थोड्या वेळा. ती बाई गुन्हेगार नाही. तिलाही कधीकाळी कुणीतरी तसंच पाटावर बसवलं असणार. पण पडद्याच्या दोन्ही बाजू तिने एका रात्रीत पाहिल्या. सिनेमाला जे जमतं, आणि भाषणाला, पत्रकाला, माझ्या या व्याख्यानाला जमत नाही, ते हे आहे.

आता थोडं आपल्या जंगलाबद्दल. सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी इकडचं जंगल सिनेमावाल्यांना आवडतं. पलीकडे छत्तीसगडात दल्ली राजहऱ्याच्या बाजूला अमित मसूरकरांनी ‘न्यूटन’ (२०१७) चित्रित केला, छत्रपाल निनावे यांचा ‘घात’ २०२३मध्ये बर्लिनला गेला. दोन्ही मेहनतीने केलेले सिनेमे आहेत. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, सवयीवर आहे. आदिवासी पडद्यावर येतो तो बंदुकांच्या मधोमध उभा असलेला, बहुतेक गप्प. गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ १९८०चा. तेंडुलकरांनी लिहिलेला. त्यात लहान्या भिकू जवळजवळ सबंध सिनेमाभर एक शब्द बोलत नाही. ते मौन भेदक होतं, कारण ते व्यवस्थेने लादलेलं होतं. पण त्याला आता चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला. अजून किती दिवस तो गप्प राहणार? ‘न्यूटन’मध्ये निदान गोंडी बोलणारी शिक्षिका आहे, आणि निवडणूक अधिकाऱ्याला चार शहाणपणाच्या गोष्टी ती सांगते. मला तेवढ्यासाठी तो सिनेमा जास्त आवडतो.

गोंडीला आठव्या अनुसूचीत जागा नाही. पण माघ पौर्णिमेला कचारगडला जाऊन या. सालेकसा तालुक्यातल्या त्या गुहांपाशी दूरदूरच्या राज्यांतून कोयतूर, म्हणजे गोंड माणसं, येतात, गाणी होतात, गोंडी पुस्तकांची पालं लागतात. त्या यात्रेत वनहक्क कायद्यावर गोंडीतली दहा मिनिटांची फिल्म का असू नये? हा कायदा २००६चा. दावा ग्रामसभेकडे करायचा असतो, वनखात्याच्या दारात नव्हे, एवढी एक गोष्ट त्यात नीट दाखवली तरी पुरे. आणि ती फिल्म मी करू नये. माझी गोंडी वाईट आहे. ती तिथल्या पोरांनी मोबाइलवर करावी.

मोबाइलवर करा म्हटलं की पोरं लगेच निघतात, म्हणून एक इशारा. बलात्कार झालेल्या स्त्रीची, अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. चेहरा, नाव, घर, शाळा, गाव, काहीही दिसता कामा नये. हेतू चांगला होता, हा बचाव चालत नाही. आणि कायदा नसता तरी चालू नये.

म्हातारीच्या प्रश्नाकडे येतो: ‘आता का कराचं’. त्या समाजमंदिरातल्या रात्रीनंतर मी एक सवय लावून घेतली. सिनेमा संपला की चर्चेआधी एक कागद वाचतो. त्या कागदावर कविता नसते, घोषणा नसतात. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, तक्रार साध्या कागदावर करता येते, फी लागत नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, फोन १५१००. लहान मुलांसाठी १०९८. स्त्रियांसाठी १८१. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१६चा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्हीही. वाचून झालं की कागदाच्या प्रती वाटतो. एकदा एका दिग्दर्शक मित्राने हे पाहिलं आणि तो दुखावला. म्हणाला, माझ्या सिनेमाच्या शेवटी जी शांतता हवी ती तू फोन नंबर वाचून घालवतोस. मी त्याला म्हणालो, शांतता तू मुंबईत घे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने मला या बाबतीत फार शिकवलं. मॅनहोलमध्ये उतरलेल्या कामगाराचा मृत्यू, आणि त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं म्हणून एका शाहिरावर खटला. शाहिराचं काम नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केलं. ते नट नव्हते, चळवळीतले, ‘विद्रोही’चे संपादक. एप्रिल २०२१मध्ये कोरोनाने गेले. त्या सिनेमात मृत कामगाराची बायको साक्ष देते. आत उतरण्याआधी तो झुरळं बाहेर येतात का ते पाहायचा, म्हणजे आत हवा आहे हे कळायचं, हे ती अगदी सपाट आवाजात सांगते. हा सिनेमा मी एकदा सफाई कामगारांच्या वस्तीत लावला होता. काहींना जी संथ गती खटकली ती तिथे कुणाला खटकली नाही. न्यायाधीशाने पुढची तारीख दिली तेव्हा मागून एकाने मोठ्याने उसासा टाकला आणि सगळे हसले. त्याची स्वतःची केस बरीच वर्षं चालू होती. त्या रात्री कागदाच्या प्रती कमी पडल्या.

सिनेमाने कायदे बदलतात का, असं मला कॉलेजातली मुलं विचारतात. क्वचित. पाकिस्तानात शर्मीन ओबैद-चिनॉय यांच्या माहितीपटाला २०१६मध्ये ऑस्कर मिळालं. बापाने आणि काकाने गोळी घालून नदीत फेकलेली एक मुलगी वाचते आणि दबावाखाली त्यांना माफ करते, एवढी ती गोष्ट. पंतप्रधानांनी तो आपल्या निवासस्थानी दाखवला, कायदा बदलण्याचं वचन दिलं, आणि त्या ऑक्टोबरात माफीची ती पळवाट बऱ्याच अंशी बुजवणारा कायदा झाला. पण मधल्या जुलैत तिथे भावाने बहिणीला मारल्याचं आणखी एक गाजलेलं प्रकरण घडलं होतं. श्रेय सिनेमाचं किती आणि त्या मेलेल्या बहिणीचं किती, ते मी ठरवणार नाही.

शेवटी कामाचं बोलतो. पडदा कधी लावायचा, हे ज्याला करायचं आहे त्याने लिहून घ्यावं. रोवणीत नाही, कापणीत नाही, तेंदूपत्त्याच्या मे महिन्यात तर नाहीच, पहाटे तीनला उठलेली बाई रात्री आठला सिनेमा बघत नाही. मंडईत नाटकाशी स्पर्धा करू नका, हराल. उलट नाटकवाल्यांना बरोबर घ्या. झाडीपट्टी रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरांना झाडीपट्टीचा पत्ता लागला. आपल्याला तो आधीपासून आहे. दंडारीतला सोंगाड्या दोन मिनिटांत जे बोलतो ते माझी चर्चा तासाभरात बोलत नाही. चांगले दिवस म्हणजे पौष-माघ, धान घरात आलेलं असतं. वेळ रात्री साडेआठ, भाकरी झाल्यावर. जागा शाळेची, कारण समाजमंदिरात एक वस्ती येत नाही आणि देवळात दुसरी. सिनेमाची परवानगी आधी काढा, ती मिळते. प्रेक्षकांत कोण आहे, त्याची चौकशी आदल्या दिवशी करा. कागदाच्या प्रती दुप्पट काढा.

गुरुजींच्या घरच्यांनी पडद्याचं एक जुनं कापड मला दिलं आहे. एका कोपऱ्याला ठिगळ आहे, बाकी ठणठणीत. या हिवाळ्यात ज्या गावाला हवं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मंडळाच्या वहीत नाव लिहून जावं. प्रोजेक्टर मी आणतो, जेवण तुमच्याकडे. खिळे मात्र तुमचे तुम्ही ठेवा, चार लागतात. कापड भिंतीलाच ठोकायचं आहे.